बोटाचा एक स्पर्श आणि एका कंपनीचा अस्त : ४ जानेवारी १९९९ ची रात्र

१/ ४ जानेवारी १९९९, सोमवार. अमेरिकेतील दोन वाहिन्यांवर एकाच वेळी व्यावसायिक कुस्तीचे दोन कार्यक्रम सुरू होते. टीएनटी वाहिनीवर अटलांटातील जॉर्जिया डोममधून थेट प्रक्षेपित होणारा ‘मंडे नायट्रो’ आणि यूएसए नेटवर्कवर सहा दिवस आधी वुस्टर (मॅसॅच्युसेट्स) येथे चित्रित झालेला ‘रॉ’. त्या एका रात्रीने एक बलाढ्य कंपनी बुडवली, असे पुढे मानले जाऊ लागले. हा धागा त्या भागाचे आणि त्याभोवती उभ्या राहिलेल्या दंतकथेचे परीक्षण आहे.

२/ प्रथम या खेळाचे स्वरूप. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर हा क्रीडाप्रकार नसून मनोरंजन असल्याचे स्वतःच मान्य केले. क्रीडा नियामकांची बंधने व कर टळावेत हा त्यामागचा हेतू होता. मराठीत ठरवून केलेल्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखाच वापरला जातो. तिकडे मात्र नुरा हाच उघड व्यवसाय आहे. पडणे खरे, दुखापत खरी, फक्त जय-पराजय लिहिलेला.

३/ नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील मुलांना ही मंडळी भेटली ती केबल टीव्हीवर आणि त्याहून अधिक ट्रम्प कार्डांवर. उंची, वजन, छाती, दंड, रँक यांवर डाव जिंकले-हरले जात. त्या पत्त्यांवरची बहुतेक नावे डब्ल्यूडब्ल्यूएफची होती. त्यामुळे या कंपनीला काही काळ धूळ चारणारी दुसरी कंपनी अमेरिकेत होती, ही गोष्ट इकडे अनेकांना उशिरा कळली. तिचे नाव वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग, म्हणजे डब्ल्यूसीडब्ल्यू.

४/ सीएनएनचे संस्थापक टेड टर्नर यांनी १९८८ मध्ये दक्षिणेकडील एक जुनी कुस्ती कंपनी विकत घेतली. तीच पुढे डब्ल्यूसीडब्ल्यू झाली. ४ सप्टेंबर १९९५ रोजी एरिक बिशॉफ यांच्या नेतृत्वाखाली ‘नायट्रो’ सुरू झाला. व्हिन्स मॅकमॅहन यांचा ‘रॉ’ जानेवारी १९९३ पासून सोमवारीच दिसत होता. बिशॉफ यांनी जाणीवपूर्वक तोच वार निवडला. सोमवारच्या रात्रीचे युद्ध येथून सुरू झाले.

५/ या युद्धात बिशॉफ यांच्याकडे एक हुकमी अस्त्र होते. नायट्रो दर आठवड्याला थेट प्रक्षेपित होई. रॉचे मात्र अनेक भाग खर्च वाचवण्यासाठी आधी चित्रित करून ठेवलेले असत. आधी चित्रित झालेल्या भागाचे निकाल बाहेर फुटतच. ११ सप्टेंबर १९९५ रोजी, म्हणजे नायट्रोच्या दुसऱ्याच भागात, बिशॉफ यांनी त्या रात्रीच्या रॉमधील मुख्य लढतीचा निकाल प्रक्षेपणातच सांगून टाकला. प्रतिस्पर्ध्याकडे पाहण्यासारखे काही उरलेले नाही, हा त्यातला संदेश होता.

६/ काही काळ हे अस्त्र चालले. जुलै १९९६ मध्ये हल्क होगन खलनायक झाला. स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश यांच्यासह त्याने ‘एनडब्ल्यूओ’ ही टोळी उभी केली. नायट्रोने सलग ८३ आठवडे रॉला मागे टाकले. ही घोडदौड १३ एप्रिल १९९८ रोजी थांबली. स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन हा मालकाविरुद्ध बंड करणारा मल्ल आणि स्वतः मॅकमॅहन यांनी रंगवलेला दुष्ट मालक या संघर्षाने रॉला पुन्हा उभे केले होते.

७/ डब्ल्यूसीडब्ल्यूकडे त्याला एकच खणखणीत उत्तर होते : बिल गोल्डबर्ग. ६ जुलै १९९८ रोजी याच जॉर्जिया डोममध्ये त्याने होगनला चितपट करून विश्वविजेतेपद मिळवले. जागेचेही महत्त्व होते. गोल्डबर्ग जॉर्जिया विद्यापीठाकडून आणि नंतर अटलांटा फाल्कन्सकडून फुटबॉल खेळला होता आणि फाल्कन्सचे घरचे मैदान तेव्हा हेच डोम होते. अटलांटासाठी तो घरचा मल्ल होता.

८/ २७ डिसेंबर १९९८ रोजी वॉशिंग्टन येथे गोल्डबर्गची विजयमालिका संपली. कंपनीने जाहीर केलेला आकडा १७३ विजयांचा होता. स्कॉट हॉलने विजेचा झटका देणारे यंत्र वापरले आणि केव्हिन नॅश विजेता झाला. वर्षभर जपलेले भांडवल असे खर्ची पडल्यावर प्रेक्षकांची अपेक्षा स्वाभाविक होती : गोल्डबर्ग परत येईल आणि हिशेब चुकता करील. ४ जानेवारीला, त्याच्याच गावात, नॅश विरुद्ध गोल्डबर्ग या लढतीचे वचन दिले गेले.

९/ आता त्या रात्रीचा नायट्रो. तीन तासांचा कार्यक्रम, जवळपास ४० हजार प्रेक्षक. मुख्य लढतीच्या आधीच कथानकात गोल्डबर्गला पोलीस घेऊन जातात. मिस एलिझाबेथने त्याच्यावर पाठलाग केल्याचा आरोप केलेला असतो. चौकशीत तिच्या जबानीतील विसंगती उघड होतात आणि तो सुटतो. हे सारे पोलीस ठाण्यातील दृश्यांतून तुकड्या-तुकड्यांनी दाखवले गेले. ज्याला पाहायला लोक आले होते, तो बराच वेळ आखाड्याबाहेरच राहिला.

१०/ दरम्यान होगन परततो. नोव्हेंबर १९९८ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवरील गप्पांच्या एका कार्यक्रमात निवृत्ती जाहीर केली होती आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवण्याची भाषा केली होती. गोल्डबर्ग नाही, म्हणून नॅशसमोर आता होगन. दोघेही एकेकाळचे साथीदार, पण आता एनडब्ल्यूओच्या दोन विरोधी गटांचे म्होरके. लढत निदान कागदावर तरी मोठी होती.

११/ घंटा वाजते. दोघे एकमेकांभोवती फिरतात. नॅश होगनला ढकलतो. होगन हात उगारतो, थांबतो आणि नॅशच्या छातीला एका बोटाने हलकेच स्पर्श करतो. जवळपास सात फूट उंचीचा नॅश गोळी लागावी तसा कोसळतो. होगन त्याच्यावर आडवा होतो, पंच तीन मोजतो आणि विश्वविजेतेपद हस्तांतरित होते. मग सारे मिठ्या मारतात. दोन गटांचे वैर हे नाटक होते. टोळी पुन्हा एक झाली होती.

१२/ अखेरीस गोल्डबर्ग धावत येतो. तो काही जणांना लोळवतोही. मात्र लेक्स लुगर मागून हल्ला करून टोळीला सामील होतो. गोल्डबर्गला बेड्या घालून दोराला जखडतात, विजेचे झटके देतात, पाठीवर रंगाच्या फवाऱ्याने टोळीचे नाव लिहितात. घरच्या मैदानावर घरच्या मल्लाची अशी अवस्था पाहत कार्यक्रम संपतो.

१३/ येथे परीक्षकाने न्याय्य राहिले पाहिजे. खलनायकांनी कपटाने जिंकणे हा या कलेचा जुना आणि वैध डाव आहे. नायकाची विटंबना ही पुढच्या सूडाची पेरणी असते. कथानक म्हणून ही कल्पना मुळातच निरर्थक नव्हती. दोष दोन ठिकाणी होता : ज्यांनी तिकीट काढले त्यांना त्या रात्री काय मिळाले, आणि पेरलेल्या सूडाचे पीक पुढे आले का.

१४/ पहिला दोष समजण्यासाठी गावच्या जत्रेचा फड आठवावा. हलगी वाजते आहे, नामांकित जोड लागल्याची दवंडी पिटली आहे, माणसे चार-चार कोस चालून आली आहेत. अशा वेळी एक पैलवान दिसतच नाही आणि उरलेले दोघे हात मिळवून आपणहून पाठ टेकतात. आपल्याकडे प्रेक्षक ‘निकाली’ कुस्ती मागतो. अमेरिकी प्रेक्षक निकाल ठरलेला आहे हे जाणतो, तरी लढत मागतोच. जॉर्जिया डोममध्ये त्याला लढतच दिली गेली नाही.

१५/ दुसरा दोष अधिक गंभीर. १७ जानेवारीला गोल्डबर्गने हॉलला हरवले, एप्रिलमध्ये नॅशलाही हरवले. पण होगनकडील किताब मार्चमध्ये घेतला तो रिक फ्लेअरने. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्या हाती तो पट्टा आला नाही. पेरणी एकाच्या शेतात आणि कापणी दुसऱ्याच्या, अशी ही गत होती.

१६/ मात्र त्या रात्रीची सर्वांत महाग चूक आखाड्यात घडली नाही. ती समालोचकाच्या मेजावर घडली. समालोचक टोनी शिवोनी यांनी प्रेक्षकांना सांगितले की, वाहिनी बदलण्याचा विचार असेल तर बदलू नका. पूर्वी इथे कॅक्टस जॅक या नावाने लढणारा मिक फॉली आज तिकडे विश्वविजेता होणार आहे. त्यापाठोपाठ त्यांनी उपरोधाने असेही सुचवले की, अशा विजेत्यामुळे खुर्च्या किती भरणार! हा आदेश बिशॉफ यांच्याकडून आला होता, असे शिवोनी यांनी नंतर सांगितले.

१७/ हा मिक फॉली कोण होता? महाविद्यालयात असताना तो लोकांच्या गाड्यांना हात दाखवत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पोचला होता. १७ ऑक्टोबर १९८३ रोजी तिथे जिमी स्नुकाने लोखंडी पिंजऱ्याच्या माथ्यावरून घेतलेली झेप त्याने पाहिली आणि आयुष्याची दिशा ठरवली. पिळदार देह नाही, देखणा चेहरा नाही. वेदना सहन करण्याची अचाट तयारी आणि बोलण्यातली माणुसकी एवढेच त्याचे भांडवल होते.

१८/ मार्च १९९४ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूच्याच जर्मनी दौऱ्यात, म्युनिक येथे, त्याची मान आखाड्याच्या दोरांत अडकली आणि सुटण्याच्या धडपडीत उजव्या कानाचा मोठा भाग तुटला. त्याच वर्षी त्याने कंपनी सोडली. पुढे डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये तो ‘मॅनकाइंड’ या मुखवट्याखाली उतरला. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्ग येथे अंडरटेकरने त्याला पिंजऱ्याच्या छतावरून खाली मेजावर फेकले. तो उठला आणि पुन्हा वर चढला. प्रेक्षकांच्या मनात त्याचे जे खाते होते, ते असे भरत गेले होते.

१९/ म्हणूनच शिवोनी यांच्या वाक्याचा परिणाम उलटा झाला. निकाल कळला की उत्सुकता संपते, हे बिशॉफ यांचे गृहीतक होते. कीर्तनाला बसलेल्या कोणत्या श्रोत्याला रावणाचे पुढे काय होते हे ठाऊक नसते? तरीही तो उठून जात नाही, कारण त्याला ‘काय’ घडते यापेक्षा ‘कसे’ घडते यात रस असतो. फॉली जिंकणार ही बातमी ऐकून लोक तो क्षण पाहायला वाहिनी बदलू लागले. त्या वेळी सहा लाखांच्या आसपास प्रेक्षक तिकडे वळले, असा आकडा वारंवार सांगितला जातो.

२०/ तिकडे रॉमध्ये काय दिसले? मॅनकाइंडने मालकाचा मुलगा शेन मॅकमॅहन याला पकडीत जखडून किताबाची लढत मागून घेतली होती आणि तीही कोणत्याही नियमाविना. समोर होता द रॉक, म्हणजेच आजचा चित्रपट अभिनेता ड्वेन जॉन्सन. आखाड्याभोवती दोघांच्या टोळ्या उभ्या. ऐन गोंधळात काच फुटल्याचा आवाज होतो आणि ऑस्टिन येतो. वुस्टरच्या प्रेक्षकांचा त्या क्षणीचा गजर आजही चित्रफितीत कानठळ्या बसवतो. ऑस्टिन रॉकला खुर्ची हाणतो, मॅनकाइंडला त्याच्यावर ओढतो आणि पंच तीन मोजतो.

२१/ हाही विजय बाहेरच्या मदतीने मिळालेला होता, हे लक्षात घ्यावे. कपट, टोळी, हस्तक्षेप हे सारे दोन्ही कार्यक्रमांत होते. फरक दिशेचा होता. एका ठिकाणी ज्यांच्याकडे सर्व काही होते त्यांनी आपसांत किताब वाटून घेतला. दुसऱ्या ठिकाणी ज्याला कधी मिळणार नाही असे वाटत होते, त्याला तो मिळाला. फॉलीने तो विजय घरी पाहणाऱ्या आपल्या मुलांना अर्पण केला. त्याचे हे विजेतेपद अवघे २० दिवस टिकले. २४ जानेवारीला रॉकने ते परत घेतले. पण त्या रात्रीचे मोल दिवसांत मोजण्यासारखे नव्हते.

२२/ आकडे असे : रॉ ५.७, नायट्रो ५.०. दूरचित्रवाणी संच असलेल्या दर १०० घरांपैकी किती घरांत कार्यक्रम पाहिला गेला, याचे हे मोजमाप. त्यानंतर प्रत्यक्ष समोरासमोरच्या लढतीत नायट्रो कधीच पुढे गेला नाही. २३ मार्च २००१ रोजी डब्ल्यूसीडब्ल्यू विकली गेली, तीही मॅकमॅहन यांनाच. २६ मार्चला फ्लोरिडातील पनामा सिटी बीच येथे नायट्रोचा शेवटचा भाग झाला. येथून दंतकथा जन्मली : एका बोटाने कंपनी मारली.

२३/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून तारखा तपासाव्यात. नायट्रोने रॉवर मिळवलेला शेवटचा विजय २६ ऑक्टोबर १९९८ चा आहे. म्हणजे बोटाच्या त्या स्पर्शापूर्वी दहा आठवडे पारडे फिरलेले होते. तो शेवटचा विजयही कसा मिळाला? आदल्या रात्रीचा सशुल्क कार्यक्रम ठरलेल्या वेळेपेक्षा लांबला, अनेक घरांत मुख्य लढतीआधीच प्रक्षेपण तुटले आणि ती लढत दुसऱ्या दिवशी नायट्रोवर फुकट दाखवावी लागली. पैसे भरलेल्या प्रेक्षकाचा विश्वास तेव्हाच तडकला होता.

२४/ ४ जानेवारीनंतरही ऱ्हास क्रमाक्रमानेच झाला. ऑगस्ट १९९९ मध्ये ख्रिस जेरिको रॉमध्ये अवतरला. सप्टेंबरमध्ये बिशॉफ यांना पदावरून दूर केले गेले. जानेवारी २००० मध्ये एडी गरेरोसह चार कसलेले मल्ल एकदम सोडून गेले. एप्रिल २००० मध्ये डेव्हिड आर्केट या चित्रपट अभिनेत्याला विश्वविजेता केले गेले. वरच्या फळीतील मोजक्या ज्येष्ठांच्या हाती कथानकाची सूत्रे आणि खालच्या गुणी तरुणांना वर जायला वाट नाही, ही व्याधी जुनीच होती.

२५/ आणि अखेरचा घाव आखाड्याबाहेरून आला. टर्नर यांची कंपनी १९९६ मध्ये टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. जानेवारी २००१ मध्ये एओएलशी विलीनीकरण पूर्ण झाले. टर्नर यांचा अधिकार ओसरला. नव्या व्यवस्थापनाने आपल्या वाहिन्यांवरून कुस्तीच बंद केली. प्रक्षेपणाची वेळच नसलेल्या कुस्ती कंपनीला गिऱ्हाईक कोण मिळणार? मॅकमॅहन यांना ती स्वस्तात मिळाली त्यामागे हे कारण होते.

२६/ मराठी वाचकाला ही चूक ओळखीची आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी सत्ता संपली, असे अनेकदा बोलले जाते. प्रत्यक्षात १७७१ मध्ये महादजी शिंदे दिल्लीत होते आणि पेशवाईचा अस्त व्हायला १८१८ उजाडावे लागले. मोठ्या पराभवाची एक तारीख लक्षात ठेवायला सोपी असते. मंद गतीने पोखरत गेलेली कारणे सांगायला कठीण असतात. दोन घटनांच्या आकारमानाची तुलना अर्थातच नाही. त्यांची आठवण ठेवण्याची रीत मात्र एकच आहे.

२७/ मग त्या भागाचे ऐतिहासिक मोल काय? तो रोग नव्हता, पण रोगाचे सर्वांत स्पष्ट लक्षण होता. एकाच रात्री, तीन तासांत, तीन गोष्टी उघड झाल्या : वचन दिलेली लढत देण्याची गरज कंपनीला वाटत नव्हती, किताबाची किंमत ज्यांच्या हाती तो होता त्यांनाच उरली नव्हती, आणि ज्या गुणी माणसाला आपण ओळखू शकलो नाही, त्याची अजूनही थट्टा करण्याइतकी ती बेफिकीर होती.

२८/ फॉलीची कथा पुढे चालू राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच्या लढतींना येणारे प्रेक्षक हातात फलक धरून सांगू लागले की, या खुर्चीवर आम्हाला बसवले ते फॉलीनेच. समालोचकाने टाकलेला टोमणा प्रेक्षकांनी उचलून त्याचा मानपट्टा केला.

२९/ हे दोन्ही भाग आज सलग पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ठरवून केलेल्या खेळातही एक गोष्ट ठरवता येत नाही : प्रेक्षकाने कोणाला आपले मानावे. निकाल लेखणीने लिहिता येतो, प्रेम नाही. डब्ल्यूसीडब्ल्यूकडे पैसा होता, नावे होती, ४० हजार माणसे समोर बसलेली होती. त्या माणसांना काय हवे होते, एवढेच तिने विचारले नाही.

३०/ धागा समाप्त. एखाद्या साम्राज्याचा, संस्थेचा किंवा कंपनीचा अंत एका तारखेवर सांगितला जाईल, तेव्हा त्या तारखेच्या आधीची दहा पाने उलटून पाहावीत. कारण बहुधा तिथेच सापडते.